सेन्सरची घरगुती सफाई

लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील धूळ, तंतू व तेलाचे ठिपके लेन्सच्या तोंडातून, कॅमेरा न खोलता काढण्याची क्रिया. प्रत्यक्षात पुसली जाते ती सेन्सरपुढची काच, म्हणजे अवरक्त किरण अडवणारी गाळणी व अनेक कॅमेऱ्यांत तिच्या जोडीचा लो-पास फिल्टर. या काचेवरील लेप नाजूक असतो. उत्पादकांच्या पुस्तिका सहसा हातपंपाने हवा मारण्यापुरती मुभा देतात आणि पुढचे काम सेवाकेंद्राकडे सोपवतात. ते घरी करावे का, याबाबत अनुभवी छायाचित्रकारांत मतभेद आहेत.

डाग शोधणे : सफाईतला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग. धूळ सेन्सरला चिकटलेली नसते. काचेच्या जाडीइतकी पुढे असते. त्यामुळे एफ/२.८ सारख्या मोठ्या छिद्राला तिची सावली पसरून विरते, तर एफ/२२ ला प्रकाशाचा शंकू अरुंद होऊन तीच सावली गडद, रेखीव उमटते. सावलीच्या कडेचा पसारा एफ-अंकाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने एफ/२२ ला तो एफ/२.८ च्या सुमारे एक-अष्टमांश उरतो. व्यक्तिचित्रे काढणाऱ्याला जी धूळ वर्षभर जाणवत नाही, ती निसर्गचित्रात आकाशभर दिसते. चाचणीसाठी सर्वांत कमी आयएसओ व एफ/२२ ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून निरभ्र आकाश किंवा पांढरी भिंत टिपावी. शटर उघडे असताना कॅमेरा किंचित हलवला, तर भिंतीवरचे डाग पुसट होतात आणि धुळीचे तेवढे स्थिर राहतात. कॅमेऱ्याच्या तोंडातून पाहताना चित्राच्या तुलनेत वर-खाली उलटते, डावे-उजवे तसेच राहते. चित्रात आकाशात दिसणारा डाग काचेच्या खालच्या भागात शोधावा. चाचणीत डाग नसेल तर काचेला हात लावू नये.

कृती : बॅटरी पूर्ण भारित हवी, मध्येच वीज गेल्यास उचललेला आरसा व शटर खाली येतात. मेनूतील सफाईचा पर्यायच वापरावा, बल्ब मोड नव्हे. कॅमेरा तोंड खाली करून रबरी हातपंपाने हवा मारावी. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे कण उडतात, दाबाखालील हवेच्या डब्यातून द्रवाचा फवारा येऊ शकतो. एवढ्याने न निघणाऱ्या डागांसाठीच ओला स्वॅब (सपाट टोकाची सफाईची कांडी): ३६ × २४ मिमी सेन्सरला २४ मिमी रुंदीचा, एपीएस-सी या लहान सेन्सरला १६ मिमीचा. त्यावर सफाईच्या द्रवाचे एक-दोन थेंब टाकून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलक्या हाताने एकच फटकारा द्यावा. स्वॅब उलटून परत यावे आणि टाकून द्यावा. द्रव जास्त झाल्यास वाळताना रेघा उमटतात. अनेक द्रवांत मिथेनॉल असते. ते विषारी व ज्वालाग्राही असल्याने खिडकी उघडी ठेवावी. कानाची काडी व चष्म्याचे कापड वर्ज्य. चिकट जेलच्या कांडीबद्दल एकमत नाही.

स्वयंसफाई : ऑलिंपस ई-१ मध्ये (२००३) श्राव्यातीत कंपनांनी धूळ झटकण्याची सोय होती, कॅननने ती ४००डीमध्ये (२००६) आणली. तेलकट डागांवर कंपनांचा उपयोग होत नाही.

तेलाचे ठिपके : निकॉन डी६०० (२०१२) च्या चित्रांत असे ठिपके दिसल्याच्या तक्रारी वाढल्या. कंपनीने २०१३ च्या फेब्रुवारीत सूचना प्रसिद्ध केली, त्याच वर्षी डी६१० बाजारात आला आणि २०१४ मध्ये डी६०० चे शटर विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर झाले.

प्रतिबंध : धूळ उडत असताना, उदाहरणार्थ जेजुरीत भंडारा (हळदीची पूड) उधळला जात असताना, लेन्स बदलू नये.

बुरशी : काचेवर बुरशी आल्यास ती घरी काढू नये.