शहरी परसबाग : मातीतील शिसे आणि पिकांची निवड

भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले; पण शिसे कुजत नाही. जुन्या वर्दळीच्या रस्त्यालगत आणि जुन्या रंगाचे पोपडे पडणाऱ्या भिंतींजवळ ते मातीच्या वरच्या थरात टिकून राहते. नेहमीच्या नत्र-स्फुरद-पालाश तपासणीत ते कळत नाही. जड धातूंची तपासणी वेगळी करून घ्यावी.

शंका असल्यास :

- पालेभाज्या, मुळा, गाजर जमिनीत घेऊ नयेत. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांच्या फळांत शिसे कमी उतरते.
- पालेभाज्या कुंडीत किंवा ३० सेंमी उंच वाफ्यात, स्वच्छ माती व कंपोस्ट भरून घ्याव्यात.
- मुख्य धोका धुळीचा. उघडी माती आच्छादनाने झाकावी, भाजी नीट धुवावी. लहान मुलांना या मातीत खेळू देऊ नये. शिशाने त्यांच्या मेंदूची वाढ खुंटते.