कारभारी आणि त्याचा हिशोब

भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. मागावरचे सूत बहुधा मागवाल्याचे नसते. व्यापारी सूत देतो, मागवाला मजुरीवर कापड विणून देतो आणि वजनाचा हिशोब चुकता करतो. सूत त्याच्या हाती असते, पण मालकी दुसऱ्याची. मराठी बायबलमध्ये ‘कारभारी’ हा शब्द प्रथम वाचला, तेव्हा मला हाच व्यवहार आठवला. आपल्याजवळचे धन ठेव आहे, धनी वेगळा आहे आणि हिशोब द्यायचा आहे, ही ख्रिस्ती दानविचाराची मूळ कल्पना.

मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास मात्र बहुतेक वेळा उलट्या अंगाने सांगितला जातो : पैसा परदेशातून आला, इथल्यांनी तो घेतला. या कथनात देणारा मराठी माणूस दिसतच नाही. तो शोधताना मला दोन नावांपाशी थांबावे लागले.

पहिले पंडिता रमाबाईंचे. 1887 साली बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे उचलण्याचे ठरवले. 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढे पुण्यास हलले. संस्थेने धर्माबाबत तटस्थ राहावे, ही अट होती. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, वादळ उठले आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दानाबरोबर अट येते, हा धडा रमाबाईंना असा मिळाला. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी अनाथ मुली व स्त्रियांना केडगावी आसरा दिला. तिथे देणग्या येत राहिल्या, पण त्याच बायका विणकाम आणि छपाईही शिकल्या. आश्रय घेणारे हात कमावते व्हावेत, असा हा कारभार होता.

दुसरे नाव नारायण वामन टिळकांचे. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये बरीच वर्षे काम केले. 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. देवाचे काम इथल्या मातीतले असेल, तर ते परक्याच्या पगारावर किती काळ चालवायचे, असा प्रश्न मला या निर्णयात दिसतो. उत्तर पुरते आजमावायला त्यांना वेळ मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी ते गेले.

त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे वसतिगृहातील मुलांसाठी घरोघरच्या बायका दळणा-कांडणातून मूठभर धान्य बाजूला काढू लागल्या. त्याला मुष्टिफंड म्हणत. या दोन गोष्टींचा संबंध होता, असे मी म्हणत नाही. पण मूठभर देणाऱ्याला कोणी आश्रित म्हणत नाही, हे दोन्हीकडे सारखे.

तरी टिळकांच्या औदार्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही. ती लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. हाती आलेला पैसा टिळक सहज देऊन टाकत. चूल कशी पेटवायची, हे मात्र लक्ष्मीबाईंना पाहावे लागे. त्या हे हसत सांगतात, म्हणून वाचकही हसतो. पण त्या दानातला एक वाटा त्यांचा होता आणि तो देण्यापूर्वी त्यांना नेहमी विचारले जात नव्हते. दात्यांच्या यादीत असे नाव कधी छापले जात नाही.

कारभाऱ्याने धन्याला हिशोब द्यायचा, हे खरेच. पण घरातल्या माणसालाही तो द्यायचा असतो. मुष्टिफंडाची मूठ मला म्हणूनच मोठी वाटते. ती भरणारी बाई स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चुलीवरचे देत होती.