जुन्या भिंतींचा गिलावा

शिलालेख, ताम्रपट, नाणीं आणि दफ्तरें हीं इतिहासाचीं साधनें होत, हें आतां कोणास सांगावयास नको. परंतु ज्या भिंतींत शिलालेख बसविलेला असतो, किंवा ज्या भिंतीच्या फडताळांत दफ्तर सांपडतें, त्या भिंतीच्या अंगावरील गिलाव्याकडे संशोधकांचें लक्ष क्वचितच जातें. उलट, गिलावा खरवडून आंतील दगड उघडा केला म्हणजे वास्तु अधिक प्राचीन दिसते, असा एक समज रूढ झाला आहे. हा समज इतिहासदृष्ट्या निराधार असून वास्तूच्या जिवास अपायकारक आहे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

प्रथम शब्दांचा विचार करूं. संस्कृतांत भिंतीस लावावयाच्या चुन्यास ‘सुधा’ म्हणत. अमृतासही तोच शब्द आहे. आपला ‘चुना’ हा ‘चूर्ण’ शब्दापासून आला. ‘गिलावा’ मात्र मूळचा फारशी असून त्यांतील ‘गिल’ म्हणजे चिखल. ‘चुनेगच्ची’ यांतील ‘गच’ हाही फारशीच. म्हणजे चुन्याचें काम ह्या देशांत पूर्वापार होतें, त्याची परिभाषा मात्र पुढें पालटली. वेरूळच्या कैलास लेण्यास ‘रंगमहाल’ असें जें दुसरें नांव होतें, तेंही याच गोष्टीची साक्ष देतें. त्या काळ्या पाषाणावर पांढऱ्या लेपाचे अवशेष ठिकठिकाणीं अद्याप दिसतात. तेव्हां उघडा काळा दगड हेंच प्राचीनांचें सौंदर्य होतें, असें म्हणतां येत नाहीं.

मराठेशाहींतील प्रमाण पहावयाचें तर रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र (सुमारें इ. स. १७१५) समोर आहे. त्यांतील दुर्गप्रकरणीं, गडावर राजमंदिरावांचून मोठी इमारत बांधूं नये, असा निर्बंध आहे. परंतु राजमंदिराच्या विटांच्या भिंतींस चुना गच्च घालावा, उंदीर, विंचू, किडामुंगी यांस आश्रय मिळेल अशी दरज राहूं देऊं नये, अशीही आज्ञा आहे. येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. एक, इमारतीच्या डौलाविषयीं इतका काटकसरी असणारा हा लेखक चुन्याच्या बाबतींत हात आंखडत नाहीं. दुसरी, चुना शोभेसाठीं घालावा असें तो म्हणत नाहीं. भिंतीस फट राहूं नये, एवढाच त्याचा कटाक्ष आहे. अनेक किल्ल्यांवर चुना मळण्याच्या घाणीची वर्तुळाकार चर आणि तिचें दगडी चाक आजही दिसतें, त्याचा अर्थ या आज्ञेवरून स्पष्ट होतो.

शोभेसाठीं केलेल्या गिलाव्याचें उत्तम उदाहरण औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) येथील बिबीका मकबरा हें होय. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिची ही कबर. दरवाजावरील लेखांत शिल्पज्ञ अताउल्ला व हंसपतराय यांचीं नांवें असून काल इ. स. १६६०–६१ चा आहे. गुलाम मुस्तफा याच्या तारीखनाम्यांत खर्चाचा आंकडा ६,६८,२०३ रुपये व सात आणे असा दिला आहे. येथें संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटास आहे. मधला भाग काळ्या दगडाचा असून त्यावर घोटीव गिलावा करून संगमरवराचा भास उत्पन्न केला आहे. ज्या दिवशीं तो गिलावा सुटेल, त्या दिवशीं मकबऱ्याचें मूळ स्वरूपच नाहीसें होईल.

गिलावा मुद्दाम काढल्याचा परिणाम काय होतो, हें पहावयास गोव्याकडे वळलें पाहिजे. जुन्या गोव्यांतील बॉम जीझस चर्चचें काम इ. स. १५९४ त सुरू होऊन इ. स. १६०५ त त्याचा प्रतिष्ठापनविधि झाला. भिंती जांभ्याच्या असून दर्शनी बाजूच्या नक्षीसाठीं वसईकडील काळा दगड आणला होता. जांभ्यावर बाहेरून चुन्याचा गिलावा होता आणि तो साडेतीनशें वर्षें वेळोवेळीं दुरुस्त होत आला. इ. स. १९५० च्या सुमारास बाल्ताझार काश्त्रु या पोर्तुगीज स्थापत्यविशारदानें तो काढविला. जांभ्याचा तांबूस रंग उघडा पडून इमारत जुनाट आणि भव्य दिसूं लागली, व तीच तिची मूळ मुद्रा असें लोक मानूं लागले. परंतु जांभा हा सच्छिद्र दगड आहे. खाणींतून निघतांना तो मऊ असतो, वाऱ्यावर कठीण होतो, तरी पाणी पितोच. आणि गोव्यांत वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. उघड्या चिऱ्यांची झीज सुरू झाली. अखेर इ. स. २०२० मध्यें चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंनीं पुन्हा गिलावा करण्याची निकड जाहीरपणें मांडली. साडेतीनशें वर्षें ज्यानें भिंत राखिली तो ‘नंतरचा थर’ मानला गेला, आणि जें रूप मूळ कर्त्यांनीं लोकांस दाखविण्याकरितां केलेंच नव्हतें तें ‘अस्सल’ ठरलें!

आतां भिंतीस कोणता गिलावा योग्य, याचें तत्त्व सांगतों. भिंतीहून गिलावा नेहमीं मऊ असावा. गिलाव्यानें झिजावें आणि भिंतीनें टिकावें, हा त्याचा धर्म. चुनखडी भाजली कीं तींतील कार्बनी वायु निघून कळीचा चुना होतो. तो पाण्यांत विरवून वाळूंत मळून भिंतीस लावला म्हणजे हवेंतील तोच वायु पुन्हा शोषून हळूहळू दगड बनतो. हा थर पाऊस अडवितो, परंतु भिंतींतील ओल बाहेर जाऊं देतो. समुद्रकांठीं शिंपल्यांचा चुना वापरीत. तो गुणानें कमी नाहीं. घडीव काळ्या दगडाच्या, बिनचुन्याच्या हेमाडपंती बांधणीस गिलाव्याची गरज नसते. परंतु पांढरी माती, कच्ची वीट आणि जांभा यांस ती निश्चित असते.

सिमेंटचा गिलावा अशा भिंतींस घातक होय. तो कठीण आणि घट्ट असतो. मातीची भिंत थोडी हलली कीं त्यास चीर पडते, चिरेंतून पाणी शिरतें आणि मग त्यास बाहेर पडावयास वाट उरत नाहीं. ओल आंतल्या अंगास वळते. आंत काय असतें? बहुधा कोनाडा, फडताळ आणि त्यांत रुमालांत बांधलेलीं मोडी कागदपत्रें. बाहेरून नवी कोरी दिसणारी भिंत आंतून दफ्तर कुजविते. म्हणून संग्राहकांनीं कपाटाच्या कुलुपाइतकीच भिंतीची चौकशी केली पाहिजे.

निगेची रीत सोपी आहे. पावसाळ्यानंतर भिंत बोटांनीं वाजवून पहावी; पोकळ वाजेल तेवढाच भाग काढावा, घट्ट असेल तो राखावा. एक भाग चुन्यास दोन ते तीन भाग वाळू, गवंड्यांच्या परंपरेप्रमाणें गुळाचें किंवा हिरड्याचें पाणी, पातळ थर, आणि प्रत्येक थर कांहीं दिवस ओला ठेवून उन्हापासून राखणें, इतकें पुरे. वर चुन्याची सफेती देत जावी. पागोळ्या जोत्यापासून दूर पडतील असें करावें. छपर गळत असतां गिलावा करणें हा केवळ खर्चच.

शेवटीं एक विनंति. जुन्या वाड्याचा गिलावा काढावयाचा झाल्यास आधीं त्याचीं छायाचित्रें घ्यावीं, सफेतीचे थर मोजून नोंदवावे आणि एक तुकडा जपून ठेवावा. त्या थरांखालीं एखादें चित्र किंवा अक्षर असण्याचा संभव असतो. गिलावा गेला म्हणजे तेंही जातें. तसेंच घरच्या जमाखर्चांत चुना, वाळू व गवंड्यांची मजुरी यांच्या ज्या नोंदी असतील, त्या क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. राजकारणाच्या पत्रांच्या नकला अनेक ठिकाणीं मिळतात. एका घराच्या भिंतीस कोणत्या सालीं किती चुना लागला, हें मात्र त्या घरच्या कीर्दीवांचून दुसरें कोणी सांगणार नाहीं.