गाईची कास आणि ओव्याचे तेल

‘प्रतिजैविकांना वनस्पतींच्या सुगंधी तेलांचा पर्याय’ अशा मथळ्याच्या बातम्या हल्ली शेतीविषयक पानांवर दिसतात. गाईम्हशींच्या कासदाहावर, म्हणजे गावात ज्याला ‘दगडी’ किंवा ‘काससुजी’ म्हणतात त्या रोगावर, ओवा, लवंग, दालचिनी यांची तेले चालतील असे त्यात म्हटलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, ही कल्पना अगदी नवी आहे. प्रत्यक्षात ती शंभर वर्षांहून जुनी आहे. ती एकदा पुढे का आली, मागे का पडली आणि पुन्हा का वर आली, हा इतिहास वर्गात सांगण्यासारखा आहे.

आधी ‘सुगंधी तेल’ म्हणजे काय ते पाहू. ओवा चुरडला की नाकात शिरतो तो वास त्यातल्या बाष्पनशील तेलाचा. हे तेल शेंगदाण्याच्या तेलासारखे स्निग्ध नसते. कागदावर थेंब टाकला तर काही वेळाने उडून जातो. वनस्पती ही रसायने बनवते ती आपल्या फोडणीसाठी नव्हे. कीड आणि बुरशी यांना दूर ठेवण्यात त्यांचा वाटा असतो. ओव्याच्या तेलातला मुख्य घटक थायमॉल. कॅस्पर नॉयमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७१९ साली त्याचे स्फटिक मिळवले ते युरोपातल्या थाईम या झुडपाच्या तेलातून. पुढे मात्र तो बनवण्यासाठी भारतातला ओवा लागू लागला. १९१४ च्या महायुद्धापूर्वी आपल्याकडचा ओवा जहाजाने जर्मनीला जाई आणि तेथे त्यातून थायमॉल काढला जाई.

आता १८८७ सालाकडे येऊ. त्या वर्षी पॅरिसमध्ये पाश्चर संस्थेच्या ‘अनाल’ या नियतकालिकाचा पहिला खंड निघाला. त्यात नोकार आणि मोलरो यांचा दुभत्या गाईंच्या संसर्गजन्य कासदाहावर लेख होता. रोगट दुधात माळेसारखे जोडलेले गोल जीवाणू त्यांना सापडले होते. कास सुजते ती नजर लागून किंवा थंडी बाधून नव्हे, तर जीवाणूंमुळे, हे त्यातून पुढे आले. त्याच खंडात थोड्याच पानांनंतर शार्ल शांबेरलाँ यांचा लेख आहे. निर्जंतुकीकरणाच्या वाफपात्राशी ज्यांचे नाव जोडले जाते, तेच हे शास्त्रज्ञ. त्यांनी निरनिराळी सुगंधी तेले काळपुळीच्या जीवाणूंवर तपासली होती आणि दालचिनीच्या तेलासारखी काही तेले त्यांची वाढ चांगलीच रोखतात असे दाखवले होते.

म्हणजे रोगाचा जीवाणू आणि जीवाणू रोखणारी तेले एकाच खंडात शेजारी शेजारी! मग त्यांतून औषध का निघाले नाही?

याचे उत्तर दुधातच आहे. ही तेले जीवाणूच्या पातळ आवरणात शिरतात, ते सैल करतात, आतले पदार्थ बाहेर झिरपतात आणि जीवाणू मरतो. त्या आवरणात मेदासारखे पदार्थ असतात, म्हणून तर तेल तेथे शिरते. पण दुधातही मेद आहे आणि प्रथिनेही आहेत. थायमॉलचे रेणू त्यांनाच चिकटतात आणि जीवाणूपर्यंत थोडेच पोचतात. तेलाचे प्रमाण वाढवावे, तर कासेच्या नाजूक आतल्या त्वचेची आग होते. काचेच्या बशीत जे तेल पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते, ते कासेत नापास होऊ शकते.

यातला एक भाग वर्गात अनुभवता येईल. एका पेल्यात कोमट पाणी आणि दुसऱ्यात तितकेच कोमट, साय न काढलेले दूध घ्या. दोन्हींत एकेक चमचा ओव्याचा अर्क घालून झाका. दहा मिनिटांनी झाकण काढून मुलांना वास घ्यायला सांगा. दुधातला वास मंद का, हा प्रश्न त्यांच्याकडूनच येऊ द्या.

तेलांच्या वाटेत अडचणी होत्याच, त्यात १९३९ साली रने द्यूबो यांनी मातीतल्या एका जीवाणूपासून टायरोथ्रिसिन मिळवले. रक्तात गेल्यास ते विषारी, म्हणून पोटात घ्यायला किंवा टोचायला निरुपयोगी. पण सडातून थेट कासेत सोडता येईल, या विचाराने ते गाईंवर वापरून पाहिले गेले. पाठोपाठ, १९४० च्या दशकाच्या मध्यास, पेनिसिलिन आले. सडात नळी रिकामी करायची आणि दोन-तीन दिवसांत दूध पूर्ववत! तेलांची आठवण कोणाला राहणार?

पण डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल व्याख्यान देताना फ्लेमिंगनेच धोक्याची सूचना दिली होती: अपुरे पेनिसिलिन दिले, तर त्याला न जुमानणारे जीवाणू तयार होतील. तसेच घडत गेले. शिवाय औषधाचा अंश दुधात उतरतो. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण दही लावणारे जीवाणूही औषधाने मरतात. १९६९ साली ब्रिटनमध्ये स्वान समितीने जनावरांच्या खाद्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा सुचवली. २००६ पासून युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळणे बंद केले, तर २०२२ पासून निरोगी जनावरांना सर्रास प्रतिबंधक मात्रा देण्यावरही बंदी आली. अमेरिकेत २००२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. तेथील गोपालकांनी पर्याय शोधायला सुरुवात केली आणि थाईमचे तेल पुन्हा कपाटातून बाहेर आले.

मग गुण आला का? येथे एक मेख आहे. कासदाहाची कित्येक प्रकरणे, विशेषतः काही जीवाणूंची, गाईच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनेच बरी होतात. त्या दिवसांत कासेला काहीही लावले, तरी त्यालाच श्रेय मिळते. म्हणून काही गाईंना औषध द्यायचे, तशाच दुसऱ्या गाईंना द्यायचे नाही आणि मग तुलना करायची. २०१७ साली अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कासदाहाच्या उपचारात प्रतिजैविकांऐवजी शिफारस करता येईल असे एकही तयार उत्पादन त्यात आढळले नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप कासेला बाहेरून लावण्याचा प्रसार करते. लेप बाहेरून लावणे आणि तेल सडात सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे. घरचे तेल सडात घालणे धोक्याचे, कारण त्यासोबत नवे जंतूही आत जातात. गाय हेच ज्या घराचे उत्पन्न, तेथे उपचाराला झालेला उशीर एक सड कायमचा निकामी करू शकतो.

मग प्रतिजैविके कमी कशी होतील? १९६० च्या दशकात इंग्लंडमधील रेडिंगजवळच्या दुग्ध संशोधन संस्थेने एक साधी पद्धत रुजवली. तिच्यातली मुख्य गोष्ट म्हणजे धार काढून झाली की प्रत्येक सड जंतुनाशकात बुडवायचा. रोग झाल्यावर मारण्यापेक्षा जंतूला आत शिरूच न देणे स्वस्त पडते. सडाच्या त्वचेवर दुधाचा अडथळाही नसतो. तेलांना खरी संधी कुठे असू शकेल, याचा इशारा कदाचित यातच आहे.

‘झाडपाल्याचे औषध चांगले की डॉक्टरांचे?’ असे मुले विचारतील. पेनिसिलिनही बुरशीचेच, आणि थायमॉल हेही रसायनच. तेव्हा औषध कोठून आले हे विचारण्याऐवजी तीन प्रश्न विचारायला शिकवू: ते कशावर तपासले? बशीत की कासेत? आणि ज्या गाईंना ते दिले नाही, त्यांचे काय झाले?