मुलांच्या हातचा टोमॅटो : नवरात्र ते माघ

शालेय विज्ञानातील अंकुरणाचा प्रयोग मटकी किंवा हरभऱ्यावर केला जातो आणि तो चार दिवसांत संपतो. ओल्या फडक्यातून मोड बाहेर आले की वहीत आकृती निघते आणि मोडांची उसळ होते. त्या बीचे पुढे काय झाले असते, हे शहरातील बहुसंख्य मुलांना पाहावयास मिळत नाही. पेरलेल्या बीपासून त्याच झाडाचे बी पुन्हा हाती येईपर्यंतचा प्रवास एका कुंडीत दाखवायचा असेल, तर टोमॅटो हे त्यासाठी अतिशय सोयीचे पीक आहे. विदर्भात ‘भेदरं’ म्हणून ओळखले जाणारे हे फळ मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतले. बीपासून पिकलेल्या फळापर्यंत त्याला सुमारे चार महिने लागतात. रोप वाढवणे त्यामानाने सोपे; मुलाचे लक्ष चार महिने टिकवणे अवघड.

महाराष्ट्रात शेतकरी टोमॅटोची लागवड तिन्ही हंगामांत करीत असले, तरी घरासाठी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. भर पावसात बुरशीजन्य रोग बळावतात, तर तापमान ३५ अंशांच्या वर गेले की फुले फळ न धरताच गळतात. ज्या घरांत नवरात्र बसते, तेथे पेरणीचा मुहूर्त आयताच मिळतो. घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरताना शेजारच्या कुंडीत टोमॅटोचे बी टाकावे. दसऱ्याला धान्य वीतभर उंच झालेले असते आणि टोमॅटोची मात्र नुकती दोन पाने वर आलेली असतात. सगळ्या बिया एका वेगाने वाढत नाहीत, हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

बी कोठून आणावे, हा पहिला प्रश्न. बाजारातील पिकलेल्या टोमॅटोचे बीही रुजते. मात्र बाजारात येणारे बहुतेक टोमॅटो संकरित वाणांचे असतात; त्यांच्या बियांपासून आलेली झाडे आपापसांत वेगळी निघतात आणि फळ मूळ फळासारखे असेलच असे नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा रुबी किंवा बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का विकास यांसारख्या सुधारित वाणांचे बी पुढील वर्षी पुन्हा पेरता येते. पाकिटातील बी गुलाबी किंवा अन्य भडक रंगाचे दिसल्यास त्यास बुरशीनाशक चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये.

दोन्ही प्रकारचे बी शेजारी शेजारी लावून पाहणे अधिक रंजक ठरते. अशी तुलना एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाली आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ने १९८४ मध्ये टोमॅटोच्या सुमारे सव्वा कोटी बिया अवकाशात सोडल्या. जानेवारी १९९० मध्ये त्या परत आणून शाळकरी मुलांना वाटण्यात आल्या. सोबत जमिनीवरच ठेवलेल्या बियाही होत्या. मुलांनी दोन्ही पेरल्या; रुजण्यात फारसा फरक आढळला नाही.

पेरणीसाठी तळाला भोक पाडलेला कागदी पेला किंवा दह्याचा रिकामा डबा पुरतो. माती आणि चाळलेले गांडूळखत समप्रमाणात घ्यावे. बी अर्धा ते एक सेंटिमीटरच खोल जावे. मुले बोटाने खोल खड्डा करतात आणि बी वर येत नाही. साधारण सहा ते दहा दिवसांत लांबट, टोकदार बीजपत्रे दिसतात. दातेरी कडांची खरी पाने त्यानंतर येतात. अंकुर दिसताच डबा उन्हात न्यावा, अन्यथा रोपे उंच आणि काटकुळी होतात.

या टप्प्यावर रोपे मरतात ती बहुधा पाण्याच्या अतिरेकाने. माती सतत ओली राहिली की रोप बुंध्याशी बारीक होऊन एका रात्रीत कोलमडते. मुलाच्या हाती झारी देण्यापूर्वी त्याला बोट मातीत पेराएवढे खुपसून पाहण्याची सवय लावावी. बोटाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. हा निर्णय मुलानेच घ्यावा. रोप मेले, तर रोपवाटिकेतून दुसरे आणून गुपचूप त्या जागी ठेवण्याचा मोह पालकांनी टाळावा. मुलांच्या ते लक्षात येते. त्याऐवजी सुरुवातीसच सहा-सात बिया पेराव्यात.

महिन्याभरात, म्हणजे दिवाळीच्या आसपास, रोप वीतभर होते. ते किमान बारा इंची कुंडीत हलवावे. एका कुंडीत एकच. रोप खालची पाने काढून देठासह खोल पुरावे, कारण मातीखाली गेलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. सहा तास ऊन न मिळणाऱ्या सज्जात टोमॅटोचा नाद सोडून पुदिना लावलेला बरा. बांबूच्या कामटीचा आधार आणि सुतळीची सैल गाठ आवश्यक. रोप हाताळल्यावर बोटे हिरवट-पिवळी होतात आणि धुताना साबणाचा फेसही पिवळा येतो. मुलांना याची मोठी गंमत वाटते. पाने मात्र तोंडात घालू देऊ नयेत. त्यांत टोमॅटिन हे अपायकारक द्रव्य असते.

डिसेंबरात पिवळी फुले येतात. टोमॅटोचे फूल स्वपरागित असल्याने एकटे झाडही फळते. वारा नसलेल्या सज्जात सकाळी फुलांचा घोस हलकेच टिचकीने हलवला की पुरते. फळाच्या बुडाशी काळा, दबलेला डाग पडल्यास तो बहुधा रोग नसून पाण्याच्या अनियमिततेमुळे फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याची खूण असते.

खरा कसोटीचा प्रसंग पर्णगुच्छाचा. पांढरी माशी या रोगाचा विषाणू पसरवते. पाने आक्रसतात, वाढ खुंटते. यावर इलाज नाही. असे झाड उपटावे लागते, नाहीतर शेजारची कुंडीही जाते. दोन महिने जपलेले झाड उपटण्यास मूल सहजासहजी राजी होत नाही. पान उलटून त्याखालच्या माश्या दाखवाव्यात आणि कारण स्पष्ट सांगावे. उरलेल्या झाडांवर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा व एरंडेल फासलेला पिवळा पुठ्ठा टांगावा.

संक्रांतीला फळे हिरवीच असतात. रथसप्तमीच्या सुमारास पहिले फळ तांबूस होते. बुलबुलांचा किंवा खारींचा उपद्रव असल्यास रंग धरू लागलेले फळ तोडून घरात ठेवावे, ते पिकते. एक फळ मात्र झाडावरच पूर्ण पिकू द्यावे. त्याचा गर वाटीत दोन-तीन दिवस ठेवल्यास बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. वास येतो, तेव्हा वाटी स्वयंपाकघराबाहेर बरी. तळाशी बसलेल्या बिया गाळणीत धुऊन ताटलीत, सावलीत सुकवाव्यात. मुलाने स्वतः वाण व तारीख लिहिलेल्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी, त्या तीन-चार वर्षे सहज टिकतात.