गाडीचा पारा चढतो तेव्हा...

पुणे-नाशिक महामार्गावर नाशिक फाटा, भोसरी, मोशी असे टप्पे घेत चाकणकडे जाणाऱ्या मोटारींचा बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात मालमोटारींची रांग लागली, की गाड्या मुंगीच्या गतीने सरकतात. अशा वेळी तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे झुकू लागतो. ज्या पट्ट्यात देशातील नामांकित कंपन्यांच्या मोटारी तयार होतात, तेथील वाहनधारकही अशा प्रसंगी गोंधळून जातात. वास्तविक गाडी कोणत्या परिस्थितीत तापते, याकडे नीट लक्ष दिले तर निम्मे निदान घरच्या घरी होऊ शकते.

उष्णतेचा प्रवास

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग शीतकाला, म्हणजेच कूलंटला, वाहून न्यावा लागतो. वॉटर पंप हे शीतक इंजिनभोवती फिरवतो. ते साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की थर्मोस्टॅट उघडतो आणि शीतक रेडिएटरमध्ये जाऊन थंड होते. शुद्ध पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते. निम्मे पाणी व निम्मे कूलंट यांचे मिश्रण त्याहून काही अंश पुढे उकळते, तर रेडिएटरच्या झाकणाने राखलेल्या दाबामुळे ही मर्यादा १२० अंशांच्याही पुढे जाते. म्हणूनच सैल झालेले झाकण हे दिसायला क्षुल्लक, पण महत्त्वाचे कारण ठरते.

काटा चढताच काय करावे?

प्रथम वातानुकूलन बंद करावे. हीटर पूर्ण क्षमतेने सुरू करावा. त्यामुळे इंजिनातील काही उष्णता बाहेर निघते. तरीही काटा उतरत नसेल, तर गाडी सुरक्षित जागी उभी करून इंजिन बंद करावे. लाल दिवा लागल्यावर ‘घर जवळच आहे’ म्हणून गाडी रेटणे महागात पडते. अतिउष्णतेने सिलिंडर हेड वाकते, हेड गॅस्केट जळते आणि शे-दोनशे रुपयांच्या पाइपाचे काम हजारो रुपयांवर जाते.

गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच आतील शीतक क्षणार्धात उकळून उसळते आणि चेहरा व हात गंभीररीत्या भाजतात. किमान अर्धा ते एक तास थांबावे आणि वरचा होज पाइप हाताला गार लागल्यावरच जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. शिवाय विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो. त्यामुळे बोटे दूर ठेवावीत.

केव्हा तापते, त्यावरून निदान

गाडी कोंडीत तापते, पण मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर घ्यावा. चालत्या गाडीत रेडिएटरला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीत मात्र पंखा हाच एकमेव आधार असतो. बहुतेक गाड्यांत वातानुकूलन सुरू केल्यावर पंखा फिरू लागतो. मोकळ्या जागेत इंजिन सुरू ठेवून ही परीक्षा करावी. पंखा फिरला नाही, तर इंजिन बंद करून फ्यूज तपासावा आणि त्याच क्रमांकाचा दुसरा रिले लावून पाहावा. फ्यूजच्या जागी तार किंवा अधिक अँपिअरचा फ्यूज लावणे म्हणजे आगीला निमंत्रण होय.

याउलट वेगात किंवा बोरघाटाच्या चढावर गाडी तापत असेल, तर रेडिएटर तुंबणे, पंप निकामी होणे किंवा थर्मोस्टॅट अडकणे, यांपैकी एक कारण संभवते. कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामध्ये साचलेली धूळ आणि किडे मंद धारेच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूकडून बाहेर धुवावेत.

थर्मोस्टॅटची परीक्षा जुन्या पातेल्यात होते. तो पाण्यात सोडून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला, तर ठीक. उकळत्या पाण्यातही बंद राहिला, तर बदलावा. ‘थर्मोस्टॅट काढूनच टाका’ हा गॅरेजमधील लोकप्रिय सल्ला मात्र टाळावा. त्याच्याविना इंजिन थंडच धावते, इंधन अधिक जळते, झीज वाढते आणि काही इंजिनांत तर गरम शीतक रेडिएटर टाळून परस्पर फिरत राहते.

शीतकाची पातळी वारंवार घटत असेल, तर रात्रभर गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवावा. सकाळी पडलेला रंगीत डाग गळतीची जागा सांगतो. पुढच्या आसनाखालचा गालिचा ओला आणि आत गोडसर वास, असे असल्यास हीटरची जाळी गळते आहे, असे समजावे.

मेकॅनिककडेच जावे असे प्रसंग

बाहेर गळती नसताना पातळी घटणे, गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणे, ऑइल दुधाळ होणे, शीतकात सतत बुडबुडे दिसणे ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे आहेत. येथे घरगुती उपाय थांबवावेत आणि गाडी ओढूनच न्यावी.

पाण्याची पारख

अनेक सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी वापरले जाते. अशा जड पाण्यातील क्षार गिझरप्रमाणेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही थर धरतात. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालून घर गाठता येते. पुढे मात्र ते काढून डिस्टिल्ड वॉटर व कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट भरावे. रंगावरून कूलंटची जात ठरवू नये. भरल्यानंतर आतील हवा काढणे आवश्यक असते, अन्यथा काटा पुन्हा चढतो.

बहुतेक कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल हे चवीला गोड, पण विषारी रसायन आहे. सांडलेले कूलंट लगेच पुसावे, मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावे आणि गटारात ओतू नये. महिन्यातून एकदा थंड इंजिनावर टाकीतील पातळी पाहायला दोन मिनिटे पुरतात. भर कोंडीत बॉनेट उघडून उभे राहण्याची वेळ बहुधा तेवढ्यानेच टळते.