बांधकाम परवाना आणि वास्तुविशारदाची सही : धुळे व जळगाव शहरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

खानदेशातील शहरांचा इतिहास लिहिताना राजकीय घडामोडी, कापसाची बाजारपेठ आणि सहकारी चळवळ यांवर प्रामुख्याने भर दिला जातो. घर बांधण्यापूर्वी परवानगी कोणाची घ्यावी लागे, नकाशा कोण काढी आणि इमारतीत दोष निघाल्यास जाब कोणाला विचारला जाई, हे प्रश्न तुलनेने मागे पडतात. वास्तुविशारदाच्या व्यवसायाला आज लागू असलेले कायदे समजून घ्यावयाचे तर हा क्रम पाहणे आवश्यक ठरते. कायद्याचे लक्ष प्रथम जागेवर गेले, नंतर नकाशावर आणि सर्वांत शेवटी नकाशा काढणाऱ्या व्यक्तीवर. या शेवटच्या टप्प्यावर कायद्याने 'वास्तुविशारद' हे नाव राखून ठेवले. काम मात्र सर्वांना मोकळे ठेवले. जिल्ह्याच्या ठिकाणी इमारतीच्या जबाबदारीविषयी जो संदिग्धपणा दिसतो, त्याचे मूळ या तरतुदीत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ब्रिग्जची पेठ

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला. मध्यवर्ती स्थान आणि मुंबई-आग्रा मार्ग यांमुळे त्याने मुख्य ठाण्यासाठी धुळ्याची निवड केली. १८१९ मध्ये या गावात अवघी ४०१ घरे आणि २,५०९ लोकवस्ती होती. ब्रिग्जने सरकारी कचेऱ्या बांधण्यासाठी दूरदूरहून कारागीर आणविले. व्यापारी व इतर लोकांनी नव्या पेठेत वस्ती करावी म्हणून कायमच्या सारामाफीने जागा दिल्या आणि पक्की घरे बांधण्यास आगाऊ रकमाही दिल्या. सरळ रस्ते व त्यांना समांतर गल्ल्या ही धुळ्याची ओळख या नव्या पेठेपासूनची आहे. धुळेकर आजही पत्ता सांगताना गल्लीचा क्रमांक सांगतात.

येथे नियमन होते ते जागेचे. रस्त्याची रेषा सांभाळली की घर कसे बांधावे हा मालक आणि मिस्त्री यांचा प्रश्न राही. गवंडी आणि सुतार हेच त्या घरांचे रचनाकार होत. धाब्याचे छत, लाकडी खांब व तुळया, पुढे ओटा ही रचना कोणत्याही कागदावर न उतरता पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तक्रार होई ती शेजाऱ्याची: खिडकी, पागोळी, सामाईक भिंत. १८८२ चा सुविधाधिकार कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू झाला आणि वीस वर्षे अखंड उपभोगलेल्या उजेड व हवेवरील हक्कास निश्चित वैधानिक आधार मिळाला. बांधकामाचा कायदा त्या काळी बव्हंशी शेजारधर्माचा कायदा होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

नगरपालिका आणि नकाशा

१८५० च्या सव्विसाव्या कायद्याच्या आधारे धुळ्यास १८६२ मध्ये आणि जळगावास १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. रेल्वे आणि कापूस यांमुळे जळगाव झपाट्याने वाढले. १९०६ मध्ये खानदेशचे विभाजन होऊन ते पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण झाले. १८७३, १८८४ आणि १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यांनी पालिकांचे अधिकार क्रमाने वाढविले. १९०१ च्या कायद्यानुसार नवे बांधकाम सुरू करण्यापूर्वी पालिकेस लेखी सूचना देणे बंधनकारक होते. रस्त्याची हद्द आणि आरोग्य हे पालिकेच्या चिंतेचे विषय होते. साथीच्या रोगांचा तो काळ पाहता हे स्वाभाविकही होते. नकाशा कोणी काढला, हा प्रश्न मात्र त्यात गौण होता.

सरकारी इमारती व पाणीपुरवठा यांची कामे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांकडे असत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या या खात्यात रुजू झाले. दातर्ती येथे पांझरा नदीखालून नळाद्वारे पाणी नेण्याचे त्यांचे आरंभीचे काम याच जिल्ह्यातील. वास्तुविशारद या स्वतंत्र व्यवसायाची जडणघडण मात्र मुंबईत होत होती. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेचे रूपांतर १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्समध्ये झाले. खानदेशात याचे पडसाद बऱ्याच उशिरा उमटले.

१९१५ चा नगररचना कायदा विशिष्ट क्षेत्राच्या योजनांपुरता होता. १९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराचा विकास आराखडा करणे अनिवार्य केले आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने आजची चौकट घालून दिली. कलम ४४ खाली अर्ज आणि कलम ४५ खाली निर्णय, हा तो क्रम. साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते, परंतु प्रस्ताव नियमांशी सुसंगत असेल तरच. हा दुसरा भाग अनेकदा विसरला जातो. कलम ५२ ची भाषाही लक्षणीय आहे. स्वतःहून असो वा दुसऱ्याच्या सांगण्यावरून, विनापरवाना विकास सुरू करणारी व्यक्ती त्यानुसार अपराधी ठरते. 'मालकाने सांगितले म्हणून केले' हा बचाव येथे टिकत नाही.

१९७२ : नाव राखीव, काम मोकळे

वास्तुविशारद अधिनियम १ सप्टेंबर १९७२ पासून अमलात आला. त्याने काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही परिषद स्थापन केली, नोंदणीपुस्तक सुरू केले आणि मान्य पदवी नसली तरी किमान पाच वर्षे व्यवसाय केलेल्यांनाही आरंभी नोंदणीची संधी दिली. कलम ३५ अन्वये शासकीय व अनुदानित संस्थांतील वास्तुविशारदाच्या नेमणुकीत नोंदणीकृत व्यक्तीस प्राधान्य मिळाले. कलम ३७ ने 'आर्किटेक्ट' ही उपाधी इतरांना निषिद्ध केली. मूळ कायद्यात पहिल्या अपराधासाठी पाचशे रुपयांपर्यंत दंड होता.

तथापि विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच हेही नमूद होते की, इमारतीचे आरेखन व देखरेख ही वास्तुविशारदांची मक्तेदारी राहणार नाही. अभियंते आदींना आपले नेहमीचे काम चालू ठेवता येईल, फक्त त्यांनी ती उपाधी लावू नये. वकील वा डॉक्टर यांच्या व्यवसायाशी तुलना करता हा फरक मूलभूत आहे. तेथे नोंदणीशिवाय कामच करता येत नाही.

ही तडजोड खानदेशसारख्या प्रदेशासाठी व्यवहार्य होती, हे मान्य करावे लागते. वास्तुकलेचे शिक्षण त्या काळी मुंबई, नागपूर अशा मोजक्या शहरांत मिळे. तालुक्याच्या गावी नकाशा काढून देणारा म्हणजे बहुधा स्थापत्य पदविकाधारक किंवा निवृत्त ओव्हरसिअर. त्याला कायद्याने बाद केले असते तर सामान्य माणसाचे घर नकाशाविनाच उभे राहिले असते. परंतु तिची किंमतही मोजावी लागली. परिषदेच्या १९८९ च्या व्यावसायिक वर्तन विनियमांनी नोंदणीकृत वास्तुविशारदास जाहिरात, काम मिळविण्यासाठी दलाली आणि अशिलास न विचारता दुसऱ्याकडे काम सोपविणे यांची मनाई केली. त्याच पेठेत, त्याच आकाराच्या घराचा नकाशा काढणारा दुसरा मनुष्य या विनियमांच्या कक्षेबाहेर राहिला. शिस्त एकाला आणि स्पर्धा दोघांत, अशी ही विषम स्थिती होय.

२००३ नंतर

धुळे आणि जळगाव या दोन्ही नगरपालिकांचे २००३ मध्ये महानगरपालिकांत रूपांतर झाले. मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त आले आणि १९६५ च्या नगरपरिषद कायद्याऐवजी १९४९ चा महानगरपालिका कायदा लागू झाला. त्याच्या कलम २५३ व २५४ नुसार बांधकामाची पूर्वसूचना आयुक्तांना द्यावी लागते. शहराच्या कडेने गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या शेतजमिनींसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा होताच. १ जानेवारी २००१ ही त्याची मूळ मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. परवान्याची शिस्त लावायची आणि मागून नियमितीकरणाचे दारही उघडे ठेवायचे, हे धोरण परवाना घेऊन बांधणाऱ्यास अन्याय्य वाटल्यास नवल नाही.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने वास्तुविशारदाच्या सहीस नवे वजन दिले. प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवलेली ग्राहकांची सत्तर टक्के रक्कम काढताना वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल या तिघांचे प्रमाणपत्र लागते. त्यामुळे काम किती झाले हे सांगणारी सही ही ग्राहकाच्या पैशाची राखण बनली.

यानंतरच्या दोन घटना एकाच वर्षातील आहेत. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर विरुद्ध मुकेश गोयल या प्रकरणात कलम ३७ चा अर्थ निश्चित केला. नोंदणी नसलेल्यास पदनामातही 'आर्किटेक्ट' शब्द लावता येणार नाही, मात्र वास्तुरचनेचे काम करण्यास या कलमाने बंदी नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. धुळे व जळगावही तिच्या कक्षेत आले. तिच्यानुसार नोंदणीकृत वास्तुविशारदास पालिकेचा वेगळा परवाना लागत नाही. अभियंते व पर्यवेक्षक यांना तो पात्रतेनुसार मिळतो. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी नेहमीच्या परवानगीऐवजी नकाशासह सूचना आणि शुल्क पुरेसे ठरले. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगीची सोय झाली.

धुळे व जळगावातील सामान्य कुटुंबाचे घर बहुधा याच आकाराच्या भूखंडावर असते. म्हणजे जेथे घरमालक सर्वाधिक अजाण आणि बांधकामाचा खर्च आयुष्यभराच्या बचतीचा, तेथेच पालिकेची पूर्वतपासणी सैल झाली आणि सही करणाऱ्याच्या शब्दावर सारा भार आला. ती सही वास्तुविशारदाची असेल तर गैरवर्तनाची तक्रार परिषदेकडे करता येते आणि चौकशीअंती नोंदणीपुस्तकातून नावही काढले जाऊ शकते. सही परवानाधारक अभियंत्याची वा पर्यवेक्षकाची असेल, तर त्याच्या व्यवसायाच्या शिस्तीसाठी अशी राष्ट्रीय वैधानिक परिषद नाही. तेथे परवाना देणारी महानगरपालिका हीच तक्रारीची पहिली पायरी राहते.